पांढरा कुडा, काळा कुडा

पावसाच्या तोंडावर सह्याद्रीच्या उतारांवर पांढऱ्या फुलांचे झुबके धरलेलं एक बुटकं झाड दिसतं. गावात विचारलं तर नाव कळतं कुडा. संस्कृतातला हा कुटज. दोन स्वरांमधल्या ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो. वटाचा वड, घोटकाचा घोडा, कटूचं कडू तसेच झाले. पुढे ‘ज’ गळाला, उरलेले स्वर एकमेकांत मिसळले आणि कुडा राहिला. कुडाच्या भिंतीतला ‘कुड’ मात्र वेगळा, तो ‘कुड्य’ म्हणजे भिंत या शब्दातून आलेला. दोघांची गल्लत करू नये.

‘मेघदूता’तला यक्ष आषाढातल्या मेघाला ताज्या कुटजफुलांचं अर्घ्य देतो. त्याचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या दिवसांत डोंगरावर हाताशी येणारं फूल कालिदासाने नेमकं हेरलं आहे.

पण नुसतं ‘कुडा’ म्हणून भागत नाही, कारण कुडे दोन. पानं समोरासमोर, मोडली की चीक, फुलं पांढरी, शेंगा जोडीने, इथपर्यंत दोघं सारखेच. फूल जवळून पाहावं. पांढऱ्या कुड्याचे पुंकेसर नळीच्या आत लपलेले असतात, म्हणून फुलाचा गळा मोकळा दिसतो. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढरी झालर असते आणि तिच्यातून केसरांचा सुळका वर आलेला असतो. फुलं सरली असतील तर शेंगा बघाव्यात: पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात. माझ्या मते हीच खूण सर्वांत सोपी.

ही फारकत भाषेनेही केव्हाच केली आहे. कुड्याच्या बिया म्हणजे इंद्रजव. यातला ‘जव’ म्हणजे यव, सातूचा दाणा. बीही तसंच लांबट. पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे गोडे. आमांशावरच्या कुटजारिष्टात पांढऱ्याचीच साल लागते, त्यामुळे वैद्याला हा फरक ठाऊक असावाच लागतो.

काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग निघतो. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावर असलेलं त्याचं शास्त्रीय नाव ‘राइटिया टिंक्टोरिया’. त्यातला ‘टिंक्टोरिया’ म्हणजे रंगाऱ्याच्या उपयोगाचा. चन्नपट्टणची गुळगुळीत लाकडी खेळणी घडतात तीही याच्याच लाकडातून.