सणासुदीत पाळीव प्राणी घरी आणताना

कोलकाता : दुर्गापूजेची सुटी लागली, की घरात सारे एकत्र असतात आणि कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू आणण्याचा विषय सहज निघतो. निर्णय घेण्यासाठी हा काळ चांगला आहे. पिल्लू आणण्यासाठी मात्र नाही.

विजयादशमीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी येणाऱ्या कालीपूजेला शहरात फटाक्यांचा कडकडाट असतो. पिल्लाच्या समाजीकरणाचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. या वयात बसलेली आवाजाची धास्ती पुढे कायम राहू शकते. म्हणून कालीपूजा उलटल्यावर, घराची नित्याची घडी बसली की पिल्लू आणणे श्रेयस्कर.

उत्तर कोलकात्यातील बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव प्राण्यांचा जुना बाजार भरतो. खरेदीपूर्वी कायदा ठाऊक असावा. आठ आठवड्यांहून लहान पिल्लांच्या विक्रीस २०१८च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार मनाई आहे. देशी पोपट व मुनिया या पक्ष्यांची विक्री किंवा पालन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा ठरतो.

विकत घेण्याऐवजी निवाऱ्यातील किंवा गल्लीतील प्राणी दत्तक घेण्याचा पर्यायही आहे. प्राणिकल्याणाची या शहरातील परंपरा जुनी आहे. कोल्सवर्दी ग्रँट यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये येथे प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. भारतीय देशी कुत्री येथील उष्ण, दमट हवेला सरावलेली असतात. दाट केसांच्या विदेशी जातींना ती सोसत नाही.

पिल्लू आणल्यावर सर्वप्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, तर रेबीजप्रतिबंधक लस सुमारे तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. पुढील सुटीत कुटुंब प्रवासाला गेल्यास प्राण्याची काळजी कोण घेणार, हेही आधीच ठरवावे. कुत्र्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे असते. हट्ट धरणारे मूल तोवर शिक्षणासाठी परगावी गेलेले असू शकते.

उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड केवळ दहा ते पन्नास रुपये आहे. कायद्याचा धाक इतका तोकडा असताना प्राण्याची खरी हमी कुटुंबाच्या विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयातच असते.