कपाटामागची भिंत

घट बसायला आठवडा होता. नातीने शाळेचा स्वेटर कपाटातून काढला, नाकाला लावला आणि म्हणाली, "आजोबा, याला पावसाचा वास येतोय." पावसाचा कसला, बुरशीचा. जुन्या सरकारी विश्रामगृहांच्या गाद्यांना हाच कुबट वास यायचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उभी हयात गेल्यावर नाक एवढं तरी शिकतंच.

मुलीचं घर बंगळुरात सर्जापूर रोडवर, कैकोंड्रहळ्ळी तळ्याच्या अलीकडे, सहाव्या मजल्यावर. कपाट प्लायवूडचं, जमिनीपासून छतापर्यंत भिंतीत ठोकून बसवलेलं. त्याच्या मागे बाथरूमची भिंत, आणि मधल्या फटीत बोटही शिरत नाही. दाढीचा आरसा फूटपट्टीला बांधला, वरून आत सोडला, मोबाइलची बत्ती मारली. भिंतभर कोणी खसखस उधळावी तसे काळे ठिपके. खालच्या कोपऱ्यात तर हिरवट लव.

सोसायटीत सगळ्यांनी तळ्यावर बोट ठेवलं. तेही साहजिक आहे. 2022 च्या सप्टेंबरात या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि होड्या चालल्या होत्या, ते लोक विसरलेले नाहीत. हा सगळा मुलूखच तळ्यांचा. एक तळं भरलं की राजकालुव्याने, म्हणजे मोठ्या पावसाळी नाल्याने, पाणी पुढच्यात जायचं, आणि शेवटी बेळ्ळंदूरला मिळायचं. त्या वाटांवर इमारती उभ्या राहिल्यावर पाण्याने रस्ता धरला. पण तळ्याचं पाणी सहाव्या मजल्यावर चढत नाही. ओल कुठून येते ते आधी शोधावं, मग बुरशीकडे बघावं, हा आमचा जुना क्रम. प्लंबर आला तो ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. देशभरच्या नळकामाला त्या जिल्ह्यातून माणसं जातात. त्याने टाइलला कान लावला, दोन टिचक्या मारल्या, आणि शॉवरच्या जोडाशी फोडायला सांगितलं. जोड पाझरत होता. थेंबाथेंबाने, पण किती महिने ते देवालाच ठाऊक.

ओलीशी आमची ओळख जुनी. मी मूळचा खानदेशातल्या अमळनेरचा. 1945 साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि तिचं मुख्यालय आज याच रस्त्यावर दोड्डकन्नळ्ळीला आहे. "म्हणजे इथे आधी आम्ही आलो," असं मी जावईबापूंना अधूनमधून ऐकवतो. तर अमळनेरचं आमचं घर धाब्याचं. कड्यांवर किलचं, त्यावर माती, आणि मे महिन्यात वर खारी मातीचा नवा थर. तरी एखाद्या झडीला धाबं गळायचंच. भिंती ओल धरायच्या, घरात कुबट वास भरायचा. मग भाद्रपद सरत आला की माय घर उलटं करायची. गोधड्या बोरी नदीवर धुवायला जायच्या, धान्याचं बळद रिकामं व्हायचं, पेट्या उन्हात उघड्या पडायच्या, कोनाडे आणि देवळ्या मोकळ्या व्हायच्या. नंतर चुना.

कळीच्या चुन्याचे खडे पिंपात टाकून पाणी ओतलं की पिंप फुसफुसायला लागायचं, वाफा निघायच्या, आणि आम्हा पोरांना अंगणाबाहेर हाकलायचे. डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. आठवडाभर मुरवून तो गोणपाटातून गाळायचा, त्यात थोडा सरस आणि पिवळटपणा मारायला निळीची पुरचुंडी. कुंचा केकताडाचा, टोक ठेचून मऊ केलेला. ओल्या भिंतीवर पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा दुसरा, मग तिसरा. ओला असताना काहीच दिसायचं नाही, वाटायचं फुकट गेलं. सकाळी उठून बघावं तर भिंत पांढरी फेक.

यात नुसती हौस नव्हती. ताजा चुना इतका तिखट अल्कधर्मी असतो की त्यात बुरशी जगत नाही. पण तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो, तेव्हा त्याची धार जाते. म्हणून दरवर्षी नवा हात. शिवाय चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. आमच्या मायला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण पाऊस संपून बुरशी जोरात असते नेमकी तेव्हाच ती घर उघडायची. घट बसण्याचा मुहूर्त त्याला छान बेतलेला होता.

चुन्याला सरकारनेही एकदा हाताशी धरलं. 1897 च्या प्लेगात पुण्यात घरं रिकामी करून भिंतींना चुना मारला गेला. त्या मोहिमेतल्या दांडगाईने लोक पेटून उठले, त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, प्लेग बंगळुरात पोचला. त्यानंतर दाट पेठेबाहेर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् वसवले, रुंद रस्त्यांचे, वारा खेळेल असे. कोंदट खोलीची भीती या शहराच्या नकाशात अशी उतरली होती. ती पुढे कुठे गेली, हे आमच्या कपाटामागे बघितल्यावर मला पडलेलं कोडं आहे.

गेली ती सिमेंटबरोबर, असं माझं मत. 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट निघू लागलं आणि हळूहळू चुन्याच्या घाण्या थांबल्या. लोहगडावरच्या घाणीचं दगडी चाक लोक आता फोटोपुरतं बघतात. मग आले डबाबंद रंग. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात कुंचा घेतलेला गट्टू नावाचा पोरगा काढला, आणि दरवर्षीच्या चुन्याची जागा पाच-सात वर्षांतून एकदा येणाऱ्या पेंटरने घेतली. प्लॅस्टिक रंग दिसतो सुंदर, पण भिंतीवर रेनकोट चढवल्यासारखा बसतो. आत पाणी असेल तर ते आतच. त्यातून कपाटं भिंतीत गाडली. आमच्या कोनाड्यात, फडताळात हात शेवटपर्यंत पोचायचा, म्हणून फडकंही पोचायचं. 'चुना लावणे' याला फसवणुकीचा अर्थ कसा चिकटला कोण जाणे. मला तर चुना न लावणाऱ्यानेच फसवल्यासारखं वाटतं.

असो. सुताराने कपाटाची पाठ कापून काढली. ती प्लाय ओल्या पापडासारखी वाकली. पिशवीत बांधून तशीच बाहेर दिली. मुलीला आणि नातीला दुसऱ्या खोलीत घालवलं, नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, दार बंद, खिडकी उघडी. कोरड्या झाडूने बुरशी झटकायची नाही, तिची पूड घरभर उडते. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने टिपत गेलो, फडकी फेकत गेलो. फुगलेला रंग आणि पोपडे पाणी मारून खरवडले, खालच्या गिलाव्यापर्यंत. मग दहा दिवस टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू. "बाबा, आता पुरे ना?" मुलगी रोज विचारायची. रोज मी भिंतीला गाल लावून बघायचो. गार लागला की अजून नाही.

चुना मिळेना. पानाच्या टपरीवर ट्यूब मिळत होती, ती घेऊन मी काय विडे लावू? शेवटी सर्जापूर गावात एका जुन्या दुकानात कानडीत 'सुण्ण' म्हटल्यावर म्हाताऱ्याने गोणी दाखवली. सुण्ण काय नि चुना काय, दोन्ही संस्कृत चूर्णातून आलेले. "कुठल्या देवळासाठी?" त्याने विचारलं. कपाटामागे लावायचाय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे आणि गोणीकडे आळीपाळीने बघितलं.

तीन हात दिले. कपाटाची नवी पाठ भिंतीपासून चार बोटं पुढे घेतली, खालीवर जाळी ठेवली, आणि मधली फळी स्क्रूने निघेल अशी केली. सुताराला हे काम गबाळं वाटलं. त्याने दोनदा बोलून दाखवलं.

एकच अडचण राहिली. इथे मोठा पाऊस पडतो तोच सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे ऐन नवरात्रात. आमच्या खानदेशात तेव्हा ऊन तापू लागतं, इथे वाळत घातलेला रुमाल दोन दिवस ओला. अमळनेरचं पंचांग या रस्त्याला लागू पडत नाही. म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: फळी उघडणे, चुना, दरवर्षी संक्रांतीला. नातीने तिच्याखाली पेन्सिलीने तिळगूळ काढलाय.