इनटेक मॅनिफोल्डमधील गळती

इनटेक मॅनिफोल्डमधील गळती : मोटारगाडीच्या एंजिनातील प्रत्येक सिलिंडरापर्यंत हवा अथवा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण नेणाऱ्या बहुशाखी नळीस इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. सामान्य पेट्रोल एंजिनात दट्ट्याच्या शोषणामुळे या नळीतील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी राहतो. म्हणून जोड सैल झाल्यास किंवा नळीस तडा गेल्यास बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते व एंजिन मंद गतीवर अडखळते.

एन. ए. ओटो यांचे १८७६ चे चार-धावी एंजिन एकाच सिलिंडराचे होते. पुढे सिलिंडर वाढले आणि एकाच कार्बुरेटरमधून सर्वांना मिश्रण पुरविणारी बहुशाखी नळी आवश्यक ठरली. कार्बुरेटरच्या काळात गळतीचे निदान मुख्यतः कान व निर्वातमापक यांवर अवलंबून असे. सुस्थितीतील एंजिन मंद गतीवर सु. ४३० ते ५३० मिमी. पारा इतकी निर्वातता दाखविते. काटा याखाली स्थिर राहिल्यास गळतीचा संशय घेतला जाई. जोडावर तेल सोडताच एंजिनाची गती बदलली, तर गळतीची जागा सापडे.

१९६७ मध्ये फोक्सवॅगन गाड्यांत बॉशची इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण पद्धती आली. १९७६ पासून ऑक्सिजन-संवेदकाचा वापर सुरू झाल्यावर नियंत्रक विरळ मिश्रणात आपोआप जादा पेट्रोल सोडू लागला. परिणामी लहान गळती झाकली जाऊ लागली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारगाड्यांत सक्तीची झालेली निदान-प्रणाली मिश्रण विरळ असल्याचा संकेत देते. गळतीची जागा दाखवीत नाही. ती शोधण्यासाठी नळीत कमी दाबाने धूर सोडतात.

नायलॉनसारख्या प्लॅस्टिकच्या वापरामुळे मॅनिफोल्ड हलके झाले, परंतु बिघाडाचे स्वरूप पालटले. फोर्ड कंपनीच्या ४·६ लिटर व्ही-८ एंजिनांपैकी काहींत शीतकजल नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या मार्गास तडे जात. त्यासंबंधीच्या सामूहिक दाव्यात २००५ मध्ये तडजोड झाली. सुधारित नळीत हा मार्ग ॲल्युमिनियमचा करण्यात आला. अशी गळती अधिक धोक्याची असते. शीतकजल कमी होऊन एंजिन तापते. काही रचनांत ते वंगणतेलात मिसळून धारवे निकामी करते.

दुरुस्तीत थंड एंजिनावरील मॅनिफोल्ड काढून दोन्ही पृष्ठे स्वच्छ करतात व त्यांचा सपाटपणा तपासतात. नंतर नवे गॅस्केट बसवून उत्पादकाने दिलेल्या क्रमाने, बहुधा मध्यापासून कडांकडे, बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळतात. पृष्ठ वाकडे राहिल्यास नवे गॅस्केटही टिकत नाही.