शनिवार तेल्यांचे नवे वर्ष

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या टापूत तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्राएल लोकांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. हे नाव त्यांनी घेतलेले नव्हे, शेजाऱ्यांनी दिलेले. शनिवारी यांचा घाणा बंद, एवढ्याच खुणेवरून गावाने त्यांना ओळखले. शतकांच्या ओघात हिब्रू भाषा ते विसरले होते, धर्मग्रंथ जवळ उरला नव्हता, घरची बोली मराठी झाली होती. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी राहिली होती. आणि विश्रांतीचा वार राहिला होता.

त्यांच्या नव्या वर्षाचे नावही मराठीच होते : ‘नव्याचा सण’. तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला तो येई आणि एकच दिवस पाळला जाई. दहाव्या तिथीच्या उपवासाला, म्हणजे योम किप्पूरला, ते ‘दारफळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी घराची दारे लावून घेत. या सणांसाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. घाणा आपला, बैल आपला. थांबवायचा तर आपणच थांबवायचा.

ही माणसे मुंबईस आली तेव्हा फरक पडला. कंपनीच्या फौजेत, गोदीत, पुढे रेल्वेत, टपालात, सरकारी कचेऱ्यांत त्यांना काम मिळाले. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. देऊळ मिळाले, परंतु शनिवार गेला. पगार घेणाऱ्याचा वार पगार देणारा ठरवितो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीची मागणी केली आणि 1890 साली मालकांनी रविवार मान्य केला. आम्ही संघटनेच्या कामातली माणसे या विजयाचा अभिमान बाळगतो, आणि तो बाळगावा असाच आहे. परंतु ज्याचा विश्रांतीचा वार शनिवार होता त्याला या रविवाराने काय दिले, हा प्रश्न आमच्या सभांतून क्वचितच निघाला.

गंमत अशी की, वेळ हातची जाऊ लागली त्याच काळात सण वाढले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांना सर्वत्र रूढ असलेले आचार शिकविले आणि नव्याचा सण एकाचा दोन दिवसांचा झाला. शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकले जाते ते प्रत्यक्ष ऐकावे अशी आज्ञा आहे. शेजाऱ्याने ऐकून येऊन सांगितल्याने ती पाळली जात नाही. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. म्हणजे एकाची रजा नामंजूर झाली की लहान गावात नऊजणांची प्रार्थना अडते.

आता हिशेब पाहू. हा हिशेब आम्हांला पोथीपेक्षा अधिक कळतो. तिश्रीत नव्या वर्षाचे दोन दिवस, योम किप्पूरचा एक, पुढे मांडवांच्या सणाचे आरंभी दोन आणि शेवटी दोन, असे काम वर्ज्य असलेले सात दिवस तीन आठवड्यांत येतात. पहिली तिथी सोमवारी पडली तर सातही दिवस कामाचे. शनिवारी पडली तर पाच दिवसांच्या आठवड्यात एकच रजा पुरते. 2022 साली पहिली तिथी सोमवारीच, 26 सप्टेंबरला आली. परंतु त्याच दिवशी आपली घटस्थापना होती, आणि दहावी तिथी दसऱ्याला पडली. 2024 व 2025 सालीही योम किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले. हा चमत्कार नव्हे. दोन्ही पंचांगे चांद्र महिन्यांची आणि दोघांतही अधिक मास. त्यांच्यात तो एकोणीस वर्षांत सात वेळा येतो. त्यामुळे तिश्री आणि आश्विन पुष्कळदा जोडीने चालतात. दसऱ्याची सुटी बहुसंख्यांसाठी दिलेली, तिच्यात दारफळणीचा उपवास आयताच बसतो. नव्याच्या सणाला मात्र असा आधार नाही.

घरातले काम आम्ही अजून धरलेच नाही. या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून काढायचा आणि नारळाच्या दुधात, साखरेत तासन्‌तास ढवळायचा. हे काम बाईचे. ती दवाखान्यात परिचारिका असो की शाळेत शिक्षिका, तिची रजा हलवा ढवळण्यात जाते आणि तिला सुटी म्हणायचे! अलीकडे चिकाऐवजी चायना ग्रास घालून कित्येक घरांनी हे कष्ट कमी केले आहेत, ते योग्यच केले.

शाळेचे दुखणे निराळे. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे चाचण्यांचे आणि सहामाहीचे दिवस. हाईम सॅम्युएल केहीमकर आदींनी 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा. तिकडे न्यूयॉर्कच्या सरकारी शाळा 1960 पासून या सणांना बंद राहू लागल्या. ज्यू शिक्षकच इतके होते की, ते गैरहजर राहिले तर वर्ग चालविणे कठीण. संख्येने तेथे प्रश्न सोडविला. आपल्याकडे 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली आणि आज सबंध देशात चार-पाच हजार ज्यू उरले आहेत. संख्येच्या जोरावर त्यांना येथे काही मिळणे नाही.

मग काय उरते? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ किरकोळ रजा आहेत. सणांच्या आठ भरपगारी सुट्याही आहेत. त्यांतील चार कायद्याने ठरलेल्या आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी आपसांत ठरवावयाच्या. शंभरांत एक ज्यू कामगार असेल तर त्या चारांत त्याचा दिवस येणार नाही, हे उघड आहे. पण ईदला हिंदूने पाळी धरावी आणि दिवाळीला मुसलमानाने, ही अदलाबदल आमच्या कामगारांत जुनी आहे. तीच येथे लेखी करून घेता येते. चार सुट्या वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवाव्या लागतात; अदलाबदलीचा कागदही त्याच बैठकीत करावा. ज्यू पंचांग गणिताने बांधलेले असल्यामुळे नव्या सणाची तारीख कित्येक वर्षे आधी सांगता येते. तारीख वेळेवर कळली नाही, ही सबब ना मालकाला आहे, ना युनियनला.