बहमनी–निजामशाही संबंध
बहमनी–निजामशाही संबंध : बिदरची खचत गेलेली बहमनी सल्तनत आणि तिच्यातून फुटून निघालेले अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) राज्य यांचा सु. १४८६ ते १५३८ या काळातील व्यवहार. वजीर महमूद गावानच्या वधानंतर (१४८१) दख्खनी व आफाकी (परदेशातून आलेल्या) सरदारांमधील वैर विकोपाला गेले. दख्खनी गटाचा पुढारी, मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला मलिक हसन बहरी बिदरला मारला गेला, तेव्हा जुन्नरला असलेल्या त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, दरबारला जुमानणे सोडले. त्याला जेरीस आणण्यासाठी आलेल्या जहांगीरखानाच्या फौजेचा त्याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ अवचित छापा घालून फडशा पाडला. विजयाच्या जागी बाग केली आणि १४९४ मध्ये शेजारीच, सीनेच्या काठी, शहर वसवले. नगरचा जन्मच असा बिदरच्या पराभवातून झाला. १४९९ मध्ये दौलताबादही अहमदच्या हाती आले.

१४९० हे स्वातंत्र्याचे वर्ष धरण्याचा प्रघात सोयीचा, पण अपुरा आहे. विजापूर व वऱ्हाडच्या सरदारांनीही त्याच सुमारास स्वतंत्र कारभार सुरू केला, तरी बहमनी तख्त कोणी मोडले नाही. सुलतान महमूदशहा हा वजीर कासीम बरीद व पुढे त्याचा मुलगा अमीर बरीद यांच्या मुठीत होता. त्याच्या नावाला मात्र मोल होते. सर्व सरदारांनी दरवर्षी बिदरला जमून विजयनगरवर स्वारी करावी, असे १५०१ मध्ये ठरले, ते या नावाखालीच.

शेवटचा सुलतान कलीमुल्ला याची हकिकत या संबंधांवर सर्वाधिक प्रकाश टाकते. बरीदाच्या कैदेतून सुटण्यासाठी त्याने बाबराकडे मदत मागितली आणि मोबदल्यात वऱ्हाड व दौलताबाद देऊ केले. हे दोन्ही मुलूख त्याच्या ताब्यात उरलेच नव्हते. दौलताबाद तर अहमदच्या घराण्याचे, निजामशाहीचे, होते. मदत आली नाही. बेत फुटल्यावर तो विजापूरला आणि तिथून अहमदनगरला पळाला. ज्याचा किल्ला त्याने परक्याला देऊ केला होता, त्या अहमदच्या मुलाने, बुऱ्हाण निजामशहानेच, त्याला आश्रय दिला. सुलतान नगरलाच वारला.

बिदर मग उघडपणे बरीदशाहीचे झाले. बुऱ्हाणने पुढे औसा, उदगीर व कंधार हे किल्ले तिच्याकडून घेतले. तरी १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध हुसेन निजामशहा आणि अली बरीद एकाच बाजूने लढले. १६१९ मध्ये बिदर विजापूरने गिळले.