जुनी आज्ञावली, नवे यंत्र

सायकलची साखळी गंजते, खडू झिजतो, पंख्याचे बेअरिंग खराब होते. पण संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, झिजत नाही. हजार वेळा चालवला तरी त्यातले एक अक्षरही पुसट होत नाही. असे असूनही शाळेत नवा संगणक आला, की जुन्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला निकालपत्रकाचा प्रोग्रॅम अनेकदा चालेनासा होतो. न झिजणारी वस्तू निकामी का होते? आणि तिला पुन्हा कामाला कसे लावतात?

यासाठी एका दुकानात जाऊ. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे होत. त्या दिवसापासून १०० नवे पैसे झाले. समजा, फक्त नवी पद्धत शिकलेल्या कारकुनाच्या हाती जुनी वही दिली. तीत १ रुपया १२ आणे आणि २ रुपये ८ आणे यांची बेरीज करायची आहे. खरे उत्तर ४ रुपये ४ आणे. पण १०० झाल्याशिवाय हातचा घ्यायचा नाही, हे कारकुनाच्या मनात पक्के आहे. तो ३ रुपये २० पैसे लिहून मोकळा होईल. वहीत चूक नाही, कारकूनही हुशार आहे. दोघांमधला संकेत तेवढा बदलला आहे.

संगणकाचेही असेच असते. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञा समजतात. शिवाय फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे यांसारख्या कामांसाठी प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो. यांपैकी एकाचाही संकेत बदलला, तर प्रोग्रॅम अडतो.

दुकानात यावर तीन उपाय संभवतात. पहिला, सगळी वही एकदाच नव्या पद्धतीत उतरवून काढणे. दुसरा, कारकुनाला एक तक्ता देणे आणि प्रत्येक ओळीला त्यात पाहायला सांगणे. यात चूक होत नाही, पण वेळ फार जातो. तिसरा, जुने कोष्टक कारकुनाकडून तोंडपाठ करून घेणे. संगणकाच्या इतिहासात हे तिन्ही उपाय झाले.

आयबीएम कंपनीने १९५९ साली १४०१ हा संगणक जाहीर केला. त्याचे दहा हजारांहून अधिक नग बनले. त्याच्यासाठी बँकांनी, विमा कंपन्यांनी आणि कारखान्यांनी असंख्य प्रोग्रॅम लिहून घेतले. ७ एप्रिल १९६४ रोजी त्याच कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. या मालिकेतल्या लहानमोठ्या संगणकांची आज्ञाभाषा मुळात एकच होती, पण जुन्या १४०१ शी तिचा मेळ नव्हता. १४०१ मध्ये दशमान आकड्यांची संख्या हवी तेवढी लांब असू शके. ३६० चा पाया द्विमान होता आणि त्याचा शब्द ३२ बिटांचा होता. म्हणजे पुन्हा आणे आणि पैसेच!

ग्राहकांपुढे मोठा पेच होता. यंत्र भाड्याने घेता येई, पण वर्षानुवर्षांच्या मेहनतीने लिहिलेले प्रोग्रॅम पुन्हा कोण लिहिणार? ही अडचण हनिवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने आधीच हेरली होती. डिसेंबर १९६३ मध्ये तिने एच-२०० हा संगणक आणला. त्याच्यासोबत १४०१ चे प्रोग्रॅम भाषांतरित करून देणारी ‘लिबरेटर’ नावाची सोय होती. हा आपला पहिला उपाय. आयबीएमचे ग्राहक तिकडे वळू लागले.

आयबीएमच्या अभियंत्यांनी तिसरा उपाय शोधला. त्याचे मूळ केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडलेल्या कल्पनेत होते. प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा त्याहून बारीक पायऱ्यांच्या यादीने घडवता येते, अशी ती कल्पना. या यादीला सूक्ष्म-आज्ञावली म्हणू. ३६० च्या लहान मॉडेलमध्ये १४०१ च्या आज्ञांची सूक्ष्म-आज्ञावली यंत्रातच बसवली गेली. कारकुनाला आण्यांचे कोष्टक पाठ झाले! निव्वळ सॉफ्टवेअरने केलेली नक्कल, म्हणजे दुसरा उपाय, त्या काळी फार संथ होती. या यंत्रावर मात्र जुने प्रोग्रॅम खुद्द १४०१ पेक्षाही वेगाने चालू लागले. या तंत्राला आयबीएमने ‘एम्युलेशन’ हे नाव दिले. अनेक ठिकाणी नवे यंत्र पुढे कित्येक वर्षे जुन्याच भूमिकेत राबत राहिले.

एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग हुबेहूब घेणे तत्त्वतः शक्य आहे, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच गणिताने दाखवले होते. अट एकच, दुसऱ्या यंत्राचे संपूर्ण वर्णन पहिल्याला मिळाले पाहिजे. ही अट आपण लक्षात ठेवू.

पुढची मोठी कसोटी डॉसची. १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले आणि सगळे यंत्र आपलेच, असे तो समजे. इंटेलने १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये खास सोय केली. प्रत्येक जुन्या प्रोग्रॅमला आपण एकट्यानेच ८०८६ वर चालत आहोत, असा भास होई. विंडोजने या सोयीचा उपयोग करून अनेक डॉस प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवले. पण प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीत चालू लागले, तेव्हा त्या पद्धतीत ही सोय उरली नाही. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम थेट चालत नाही.

तेव्हा कामाला आला तो पूर्वी संथ ठरलेला दुसरा उपाय. २००२ साली आलेला डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम जुन्या पीसीची संपूर्ण नक्कल सॉफ्टवेअरनेच करतो. आता यंत्रे इतकी वेगवान झाली आहेत, की काही जुने खेळ खेळता यावेत म्हणून उलट त्यांचा वेग कमी करावा लागतो.

पण ट्युरिंगची अट पुरी झाली नाही, तर? १०८६ साली इंग्लंडच्या राजाने जमिनींची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ लिहवून घेतले. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवे डूम्सडे तयार केले. शाळाशाळांतल्या मुलांनी आपल्या परिसराची माहिती व छायाचित्रे पाठवली. दहा लाखांवर लोकांनी हातभार लावला. हे सारे खास लेझर चकत्यांवर साठवले होते. चकत्या वाचणारी यंत्रे पंधराएक वर्षांतच दुर्मीळ झाली. चर्मपत्रावरचे ९०० वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचता येत होते, मुलांचे काम मात्र हातचे जाण्याच्या बेतात होते. शेवटी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २००२ साली त्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल करून दाखवली. हे जमले, कारण चालू स्थितीतले जुने यंत्र आणि त्याची माहिती अजून मिळत होती.

हा प्रश्न मराठीच्याही दाराशी आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणित संकेत ठरले. तरी छपाईच्या अनेक फाँटनी आपापले खासगी संकेत वापरले. त्या काळात टंकलिखित केलेले शालेय अंक, प्रश्नपत्रिका, स्मरणिका आज उघडल्या, तर तो फाँट नसल्यास रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. ती सामग्री युनिकोडमध्ये आणता येते, पण त्यासाठी कोणता संकेत म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता लागतो. दुकानातल्या कारकुनाला दिलेला तोच तक्ता!

म्हणून शाळेतला जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी त्यातल्या फाइलींबरोबर फाँट, मूळ प्रोग्रॅम आणि माहितीपुस्तिका यांच्याही प्रती काढून ठेवाव्यात. कोणती फाइल कशाने उघडते, ते एका साध्या कागदावर लिहून ठेवावे. यंत्र गेले तरी त्याचे वर्णन राहिले, तर पुढचे यंत्र त्याची जागा घेऊ शकते. वर्णनच गेले, तर कितीही वेगवान यंत्र आणले तरी ते ३ रुपये २० पैसेच लिहील.