मांद्र्याचे भाऊ दाजी : एका माणसाच्या जिद्दीची नोंद

मांद्रे म्हटलं की आज लोकांना समुद्रकिनारा आठवतो. गावात पाहुणा आला की तोही आधी आश्व्याची वाट विचारतो. मी मात्र अशा पाहुण्याला आधी एक प्रश्न विचारतो : मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला होतात ना? मग तिथल्या म्युझियमला कोणाचं नाव आहे? डॉ. भाऊ दाजी लाड. आणि हे भाऊ दाजी मूळचे कुठले? आमच्या मांद्र्याचे! समोरचा माणूस हमखास चकित होतो.

भाऊंचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचा जन्म झाला. पेडणे महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या ‘नव्या काबिजादीत’ होता. सावंतवाडीकरांकडून तो त्यांच्या ताब्यात जाऊन पन्नास वर्षंही झाली नव्हती. घरची स्थिती बेताची होती. कुटुंब पोटासाठी मुंबईला गेलं आणि तिथे मातीच्या बाहुल्या विकून गुजराण करू लागलं, असं सांगतात. पोरगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रजाने ‘याला इंग्रजी शिकवा’ असं वडिलांना सुचवलं, अशीही आख्यायिका आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे नशीबच की! थोडं नशीब होतंच. पण वाट दाखवणारा भेटला तरी चालावं आपल्यालाच लागतं. एल्फिन्स्टनमध्ये शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवलं. बरी नोकरी हातात होती. ती सोडून ते 1845 साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिरले. मढं चिरायचं म्हणजे धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. 1851 मध्ये त्यांनी दवाखाना थाटला. गरिबांना ते फुकट तपासत. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांतली औषधं पारखून पाहण्याचाही त्यांना नाद होता. कुष्ठरोगावर त्यांनी चालमुगऱ्याच्या कुळातल्या बियांचा उपयोग केला. आमच्या भागातलं खष्ट त्याच कुळातलं.

त्यांची खरी कसोटी लागली 1862 मध्ये. वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिलं म्हणून करसनदास मुळजींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. महाराजांच्या मागे बडे व्यापारी होते, आणि शहरात नाव कमावलेल्या डॉक्टरला याच लोकांच्या घरी जावं लागायचं. तरीही भाऊ साक्षीला उभे राहिले. महाराजांच्या गुप्तरोगावर आपण उपचार केले होते, हे त्यांनी कोर्टात सांगितलं. करसनदास सुटले. आपला धंदा बुडेल हे ठाऊक असताना खरं बोलायचं, याला माझ्या मते जिद्द म्हणतात.

1865 मध्ये शेअरबाजार कोसळला. मुंबईतले कैक धनिक धुळीला मिळाले, भाऊंचीही कमाई गेली. पण 1869 आणि 1871 अशी दोनदा त्यांना मुंबईची नगरपालकी, म्हणजे शेरीफपद, मिळालं. पैसा गेला तरी पत राहिली होती. बॉम्बे असोसिएशनचं चिटणीसपद, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये स्थान, स्त्रीशिक्षणासाठी धडपड, अजिंठ्याच्या शिलालेखांचं वाचन, म्युझियमची उभारणी... एका आयुष्यात हे सगळं बसवलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

तरीही ‘एकट्याच्या बळावर’ असं लिहिताना माझा हात अडखळतो. नाना शंकरशेटांसारखे सोबती नसते, कॉलेज उघडलं नसतं, तर? मांद्र्यातच राहिलेल्या त्यांच्या वयाच्या पोरांमध्ये काय कमी हुशार होते? त्यांना संधी मिळाली नाही, म्हणून त्यांची नावं आपल्या दप्तरात नाहीत. इतिहास लिहिताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मग भाऊंचं मोठेपण कशात? मला ते भगवानलाल इंद्रजींच्या गोष्टीत सापडतं. जुनागढचा हा तरुण इंग्रजी शाळेत शिकलेला नव्हता, पण गिरनारच्या शिळेवरची अक्षरं लावायला स्वतःच शिकला होता. भाऊंनी त्याला मुंबईला आणलं, शिलालेखांचे ठसे घ्यायला देशभर पाठवलं. 1874 च्या मे महिन्यात भाऊ वारले तेव्हा भगवानलाल त्यांच्याच कामासाठी नेपाळात होते. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. बुद्धिबळाच्या पटावरून कोणीतरी एका पोराला हेरलं होतं. त्या पोराने मोठेपणी दुसऱ्याला हेरलं.

1872 मध्ये उघडलेल्या त्या म्युझियमला 1975 साली भाऊंचं नाव मिळालं. मागे मी भाच्याला घेऊन तिथे गेलो होतो. पाटी वाचून तो म्हणाला, ‘‘मामा, हे आपल्याच गावचे?’’ मी म्हटलं, ‘‘होय रे. आणि तूही आपल्याच गावचा.’’